गिधाडाची तिसरी पापणी: अंजनेरीला कशी पाहावी, आणि जखमी पक्ष्याचा डोळा कसा जपावा

"याच्या डोळ्यात फूल पडलंय का?" नाशिकजवळच्या अंजनेरीला गिधाडं पाहून आलेल्यांच्या फोटोंत एखादा फोटो हमखास असा निघतो, की गिधाडाचा काळाभोर डोळा त्यात दुधाळ निळसर दिसतो. मग मोतीबिंदूपासून विषबाधेपर्यंत सगळे अंदाज सुरू होतात. बहुतेक वेळा डोळा ठणठणीत असतो. फोटो काढला त्या क्षणी पक्ष्याची तिसरी पापणी डोळ्यावरून सरकत होती, एवढंच.

पक्ष्यांना वरची आणि खालची अशा दोन पापण्या असतातच. त्यांच्या आत, चोचीकडच्या कोपऱ्यात, घडी घालून ठेवलेला एक पातळ पडदा असतो. पुस्तकी मराठीत त्याला निमेषक पटल म्हणतात. इथे तिसरी पापणी म्हणू. ती चोचीकडून मागे तिरकी सरकते, डोळ्याची काच म्हणजे पारपटल पुसते, ओलं करते आणि परत घडीत जाते. ती अर्धपारदर्शक असल्यामुळे पुसणं चालू असतानाही पक्षी पुरता आंधळा होत नाही. तिला ओढणारे दोन स्नायू नेत्रगोलाच्या मागे बसलेले असतात. त्यातल्या एकाचा दोरीसारखा कंडरा डोळ्याच्या मज्जातंतूला वळसा घालून पुढे येतो आणि दुसरा स्नायू त्या दोरीला तंतूपासून दूर धरून ठेवतो, म्हणजे पापणी ओढताना तंतूवर दाब येत नाही. एवढीशी पापणी, पण तिच्यामागची रचना बघण्यासारखी आहे.

आधी कोंबडी, मग गिधाड

थेट अंजनेरीला जाऊन ही पापणी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. डोळ्याला सवय लागते ती घराजवळच. ओळखीच्या कोणाकडे कोंबड्या असतील तर सकाळी कोवळ्या उन्हात एका मीटरवर शांत बसा आणि फक्त डोळ्याकडे बघा. दोन वेगळ्या हालचाली दिसतील. कोंबडीला डुलकी लागते तेव्हा खालची पापणी वर चढते; आपल्यासारखी वरची खाली येत नाही. ती कातडीच्या रंगाची, जाडसर आणि सुरकुतलेली असते. दुसरी हालचाल झर्रकन होते. चोचीकडून एक गुळगुळीत, चकचकीत पडदा येतो आणि जातो. हीच तिसरी पापणी. घुबडांत मात्र उलटं: मळ्यातल्या आंब्यावरचा पिंगळा उघडझाप करताना वरची पापणी खाली आणतो, म्हणून त्याचा चेहरा माणसासारखा वाटतो.

नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नसेल तर मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. पापणीची फेरी सेकंदाच्या दहाव्या भागात झाली, तर साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत ती जेमतेम ३ चित्रांत सापडते. २४० फ्रेममध्ये २४ चित्रं मिळतात आणि ती कोणत्या कोपऱ्यातून निघाली ते स्पष्ट कळतं. याला उजेड भरपूर लागतो. ढगाळ सकाळी चित्र काळपट येतं.

पुढचा सराव नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर करा. पाण्यात सूर मारणारा खंड्या आणि बुडी मारून वर येणारा पाणकावळा, दोघंही ही पापणी पाण्यात वापरतात. पाणकावळा वर येतो त्या पहिल्या क्षणाला नजर लावा.

अंजनेरीला

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने साधारण २० किलोमीटरवर अंजनेरी. इथल्या कड्यांवर प्रामुख्याने लांब चोचीचं गिधाड घरटं करतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड झाडावर करतं. हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेव्हा जाण्याआधी वन विभागाच्या लोकांशी बोला आणि त्यांनी ठरवलेल्या वाटेवरच राहा.

लांब चोचीचं गिधाड साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत एकच अंडं घालतं. ते फुटायला ५० दिवसांच्या आसपास लागतात आणि पिल्लाला उडायला पुढे साडेतीन-चार महिने. वर्षाकाठी एका जोडीचं एकच पिल्लू. ते गेलं तर त्या जोडीचं वर्ष वाया गेलं. म्हणून घरट्याच्या कपारीच्या वर, कड्याच्या काठावर जाऊन खाली डोकावू नका. वरून आलेली सावली किंवा एखादा घरंगळलेला दगड पुरतो. बसलेला पक्षी उठतो आणि अंडं उन्हात उघडं पडतं. ड्रोन तर अजिबात नको. कपारीची नेमकी जागा मोबाईलवर कुणाला पाठवू नका.

कडा शोधायची खूण सोपी आहे: काळ्या पाषाणावर विष्ठेचे पांढरे ओघळ. जिथे ओघळ ताजे, चुन्यासारखे पांढरेशुभ्र आहेत तिथे पक्षी रोज बसतात. ऊन तुमच्या पाठीमागून कड्यावर पडेल अशी जागा धरा आणि साडेसातपर्यंत तिथे पोचा. दगड तापून हवा वर चढू लागली की साडेनऊ-दहानंतर एकेक गिधाड कड्यावरून सुटतं, आणि मग चेहरा बघायची संधी संपते.

दुर्बिणीचं गणित आधीच करून घ्या, म्हणजे निराशा होत नाही. कड्यापासून ३०० मीटरवर उभं राहिलात, ८ पट दुर्बीण लावलीत, तर पक्षी ३७ मीटरवर असल्यासारखा दिसतो. माना, चोची, भांडणं सगळं छान दिसेल. पापणी दिसणार नाही. तिपाईवरच्या स्कोपने, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीने, ४० पट केलंत तर तोच पक्षी साडेसात मीटरवर येतो आणि डोळा ओळखू येतो. ६० पटीला ५ मीटर. पण तिथे हवेची थरथर आणि तिपाईचा थरकापही तेवढ्याच पटीने वाढतो. म्हणून ४० वर थांबा, तिपाईचे पाय कमी उंचीवर ठेवा, मधल्या दांड्याला सॅक लटकवा, आणि स्कोपला हात न लावता फक्त डोळा टेकवा. चित्र उकळत्या पाण्यासारखं हलू लागलं की समजा, त्या दिवसापुरतं काम झालं. जवळ जाऊन ती अडचण सुटत नाही, पक्षी तेवढा उठतो.

प्रौढ लांब चोचीच्या गिधाडाची चोच फिकट आणि चेहऱ्याची कातडी गडद असते, डोळा तपकिरी-काळा. या गडद चेहऱ्यावर पापणी फिरली की टाचणीच्या टोकाएवढी फिकट चमक दिसते. नुसता बसलेला पक्षी ताटकळत बघत राहू नका. पंख साफ करायला डोकं पिसांत घुसवताना, शेजाऱ्याशी चोचाचोची करताना, आणि पिल्लाला भरवताना बघा. भुकेलं पिल्लू चोचीवर नेम धरतं, पण नेम चुकतो. भरवणारा पक्षी त्या वेळी डोळा झाकून घेतो.

मेलेल्या ढोरावर हेच आणखी ठळक दिसतं. गिधाड आख्खी मान पोटात घालतं, तिथे हाडांची टोकं, रक्त, शेण आणि शेजारच्या दहा जणांच्या चोची असतात. डोकं आत जायच्या आधी डोळा पांढरा होतो. डोकं-मान जवळजवळ पिसांविना असल्यामुळे डोळ्याभोवती घाण चिकटून राहत नाही. मान उघडी असण्याचा उष्णता बाहेर टाकायलाही मोठा उपयोग होतो. हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वन विभागाने गावकऱ्यांबरोबर गिधाडांसाठी खाद्याची जागा केली आहे, लोक तिला गिधाडांचं हॉटेल म्हणतात. तिथे परवानगीनेच जा. गिधाडं ढोर दिसल्याबरोबर उतरत नाहीत, आधी कावळे आणि घारींवर लक्ष ठेवून तासन् तास झाडांवर बसतात. तुम्ही गाडीतून उतरून दोन पावलं पुढे आलात तर तो सगळा वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तिथे टाकलेल्या जनावराला शेवटच्या दिवसांत कोणतं वेदनाशामक दिलं होतं हे कळलंच पाहिजे. कळलं नाही तर ते जनावर पुरावं. काही वेदनाशामकं गिधाडाला मारतात, ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र पापणीने सुटत नाही: ऊन. गिधाडाच्या डोळ्यांवर हाडाची भक्कम कपाळपट्टी असते. भर उन्हात तासन् तास उडणाऱ्या पक्ष्याला ती टोपीच्या झापेसारखी सावली देते. तिची किंमतही मोजावी लागते: डोक्याच्या वरच्या बाजूला दृष्टीचा मोठा आंधळा पट्टा राहतो. खाली जमीन धुंडाळायला गिधाड मान वाकवतं तेव्हा हाच आंधळा पट्टा समोर येतो, आणि पुढची वीजवाहिनी किंवा पवनचक्कीचं पातं त्याला दिसतच नाही. "एवढी तीक्ष्ण नजर, मग तारेवर कसं आदळतं?" याचं उत्तर हे आहे.

डोळा आजारी आहे की नुसती पापणी आहे?

एका फोटोवरून ठरवू नका. पाठोपाठचे फोटो बघा. पापणी असेल तर पुढच्या-मागच्या फोटोत डोळा स्वच्छ असतो. दहा सेकंद सलग बघूनही दुधाळपणा जात नसेल, एकच डोळा तसा असेल, किंवा पापणी अर्ध्यावर अडकल्यासारखी राहत असेल, तर दुखापत किंवा आजार धरा. दोन्ही डोळ्यांवर पापणी सतत अर्धी ओढलेली, पिसं फुगलेली आणि माणूस जवळ आला तरी हालचाल नाही, हा पक्षी अशक्त आहे. मान खाली टाकून बसलेलं गिधाड विषबाधेचं असू शकतं. पण कडक उन्हात निरोगी गिधाडंही तशी बसतात. एकट्या मानेवरून निष्कर्ष काढू नका.

पक्षी जमिनीवर सापडला तर

नाशिक जिल्ह्यात हे प्रसंग येतात ते मुख्यतः दोन काळांत. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास, येवल्यापासून पंचवटीपर्यंत आकाश पतंगांनी भरतं तेव्हा. आणि एप्रिल-मे महिन्यांत, गिधाडाची पिल्लं पहिली झेप घेतात आणि उन्हाने थकून खाली बसतात तेव्हा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो अजून झाडांवर लोंबताना दिसतो. रामासाठी लढताना पंख छाटले गेलेला जटायू इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला पडला, असं आपल्याकडे मानतात. त्याच जिल्ह्यात दरवर्षी पंख कापले जातात, याचं वाईट वाटतं.

पहिलं काम: वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ लावा. गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी ठेवून उपचार करणं बेकायदा आहे. खालचं सगळं मदत येईपर्यंतचं, किंवा त्यांनी फोनवर "तुम्हीच आणा" असं सांगितलं तर करायचं.

स्वतःचे डोळे आधी. साधा प्लास्टिकचा चश्मा किंवा हेल्मेटची काच पुरते. बगळा, वंचक (ढोकरी) हे पक्षी भाल्यासारखी चोच थेट चेहऱ्यावर मारतात. पक्षी धरताना काय आधी धरायचं हे जातीवर ठरतं: घार, शिक्रा, घुबड यांचे आधी पाय, कारण त्यांचं हत्यार नख्या, गिधाड आणि बगळा यांचं आधी डोकं. गिधाडाच्या पंजात फारशी पकड नसते, पण चोच कातडं फाडते, आणि घाबरलं की ते ओकतं. ओकलं तर तोंड खाली होऊ द्या, दाबून धरू नका.

मागून जा. जुनी सुती चादर अलगद डोक्यावरून टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. टर्किश टॉवेल घेऊ नका. त्याच्या फाशांत नख्या अडकतात आणि सुटे धागे डोळ्यात जातात. चादर डोक्यावर सैल राहू द्या. डोळ्यावर कापड घट्ट बांधलं तर पापणीची हालचाल थांबते आणि जखमी पारपटल घासलं जातं.

मांजा ओढू नका. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण तो ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो स्नायूत रुतलेला असतो आणि ओढला की करवतीसारखा चालतो. दोन्ही बाजूंना १०-१५ सेंटीमीटर सोडून कात्रीने कापा, उरलेला डॉक्टरांसाठी राहू द्या. चेहऱ्यावरून गेलेला मांजा पापण्याही चिरतो. तिसरी पापणी फाटली तर पारपटल पुसणारं कोणी उरत नाही आणि ते कोरडं पडतं.

डोळ्याला हात लावू नका, पण बघा. पापणी दोन्ही डोळ्यांवर सारखी फिरते का? डोळ्याच्या आत रक्ताची रेघ आहे का? मोबाईलचा टॉर्च मारून बाहुली लहान होते का ते तपासण्यात अर्थ नाही. पक्ष्यांच्या बाहुलीचे स्नायू बरेचसे त्यांच्या इच्छेवर चालतात, त्यामुळे घाबरलेल्या पक्ष्यात ही तपासणी फसवते. काचेवर किंवा तारेवर आदळलेल्या पक्ष्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. डोळ्याच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांची कंगव्यासारखी एक रचना असते आणि धडकेने रक्तस्राव अनेकदा तिथे होतो. बाहेरून डोळा आरशासारखा स्वच्छ दिसतो. म्हणून "उडतोय की, सोडून देऊ" असं करू नका. आदळलेला प्रत्येक पक्षी डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यात माती किंवा चुना स्पष्ट दिसत असेल तरच धुवा: सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, सुई काढलेल्या सिरिंजमधून, हळू धारेने. हळद, मध, दूध, गुलाबपाणी काहीही नको.

आणि घरातले आय ड्रॉप्स तर मुळीच नकोत. त्यांचे दोन प्रकार धोक्याचे आहेत. स्टेरॉइड असलेले थेंब ओरखडलेल्या पारपटलावर पडले तर जखम भरत नाही, संसर्ग पसरतो. दुसरा धोका खास गिधाडांसाठी आहे: माणसांच्या डोळ्यांसाठी सर्रास मिळणाऱ्या काही थेंबांत डायक्लोफेनॅक असतं. याच औषधाने, उपचार केलेल्या जनावरांच्या मांसातून, पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात देशात जवळपास ९९.९ टक्क्यांनी घटली. त्याने मूत्रपिंडं बंद पडतात. निम्म्या गिधाडांना मारणारी मात्रा किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे ५ किलोच्या पक्ष्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम. ०.१ टक्क्याच्या एका थेंबात साधारण ०.०५ मिलिग्रॅम औषध असतं, आणि थेंब डोळ्यातून नळीने घशात उतरतो. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब, दिवसातून चार वेळा घातले की १६ थेंब, ०.८ मिलिग्रॅम. एवढ्यात घातक पट्टा गाठला जातो. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली, २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर, त्यानंतर निमेसुलाइडवरही. पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक अॅसिड यांचीच चौकशी करा. गिधाडांसाठी ती सुरक्षित ठरली आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर ज्यांची गुरं आहेत त्यांनीही आपल्या डॉक्टरांना हीच दोन नावं सांगावीत.

खोक्याबद्दल. तारेचा पिंजरा वापरू नका. पक्षी जाळीतून डोकं काढायला बघतो आणि चोचीचं मूळ, डोळ्याची कड सोलवटते. कबुतराला बुटांचं खोकं चालतं. लांब चोचीचं गिधाड ८० सेंटीमीटरहून लांब आणि ५-६ किलोचं असतं. त्याला मध्यम फ्रिजचं किंवा मोठ्या टीव्हीचं भक्कम खोकं लागतं, पण पंख फडफडवता येतील एवढं प्रशस्त नको. हवेची भोकं खालच्या अर्ध्यात, आतून बाहेर पाडा, म्हणजे पुठ्ठ्याचे खरखरीत काठ बाहेर येतात. तळाला जुनी चादर सपाट अंथरा. वर्तमानपत्र निसरडं असतं आणि लाकडाचा भुसा डोळ्यात उडतो. पाण्याची वाटी ठेवू नका, चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. खोकं सावलीत, शांत जागी. दर पाच मिनिटांनी उघडून बघणं बंद.

डॉक्टर पारपटलावर पिवळा-हिरवा रंग टाकून ओरखडा शोधतात, पण त्याआधी ते तुम्हालाच प्रश्न विचारतात. म्हणून खोक्यावर जाड मार्करने लिहा: कुठे सापडला, किती वाजता, आजूबाजूला तार, काच किंवा मांजा होता का, पापणी दोन्ही बाजूंना फिरत होती का, आणि काय दिलं. शेवटच्या प्रश्नापुढे "काहीही नाही" एवढंच असावं.